म्यूट केल्यावर सोपी होणारी लेव्हल

भाचा नववीत आहे, नाशिकला. दिवाळीत आमच्याकडे पुण्याला आला तेव्हा त्याने जॉमेट्री डॅश या गेममध्ये स्वतः बनवलेली लेव्हल दाखवली आणि म्हणाला मामा खेळून बघ, सिंक (गाण्याशी ताळमेळ) एकदम कडक आहे. मी खेळलो, बारा वेळा मेलो, आणि म्हटलं छान आहे रे पण अवघड आहे. तो म्हणाला अवघड कुठे, इझी टाकलंय. तेव्हा विषय तिथेच संपला. पण नंतर जे काय निघालं ते शोधायला आम्हाला जवळपास तीन आठवडे लागले आणि शेवटी सगळं गेममधल्या एका पोर्टलवर सुटलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. जे कोणी एडिटरमध्ये गाण्यावर लेव्हल बांधतात त्यांना उपयोगी पडेल.

ज्यांना गेम माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनचा रॉबर्ट टोपाला, ज्याला सगळे रॉबटॉप म्हणतात, त्याने हा गेम ऑगस्ट २०१३ मध्ये काढला. एक चौकोनी ठोकळा आपोआप उजवीकडे पळतो, थांबत नाही, मागे येत नाही, आपण फक्त टॅप करून उडी मारायची, काटा लागला की पहिल्यापासून. गेमसोबत येणाऱ्या लेव्हल मोजक्याच आहेत, स्टिरिओ मॅडनेस ही पहिली. पण गेम एवढी वर्षं जिवंत राहिला तो त्याच्या एडिटरमुळे. लोकांनी बनवलेल्या लेव्हल इतक्या आहेत की रॉबटॉपच्या मूळ लेव्हल आता फक्त दारावरचं तोरण वाटतात. १.९ च्या अपडेटपासून न्यूग्राउंड्स या वेबसाइटवरची गाणीही वापरता यायला लागली, आणि डिसेंबर २०२३ ला २.२ आलं त्यात प्लॅटफॉर्मर मोड वगैरे आलं, म्हणजे आता ठोकळा मागेपण जाऊ शकतो. भाच्याची लेव्हल मात्र जुन्या पद्धतीचीच, पळत राहणारी.

आता यातली खरी गंमत. ठोकळ्याचा वेग ठरलेला असतो. नॉर्मल स्पीडला सेकंदाला १०.३८६ ब्लॉक (ब्लॉक म्हणजे एडिटरमधली एक चौकट), डबलच्या पोर्टलमधून, म्हणजे वेग बदलणाऱ्या दारातून, गेलं की १२.९१४ (नावाला डबल, दुप्पट अजिबात नाही, हे कळल्यावर भाचा बराच वेळ चिडला होता). वेग ठरलेला म्हणजे अंतर आणि वेळ एकच झाले. तबल्याचा ठेका कोणी रांगोळीसारखा जमिनीवर काढून ठेवावा तसं आहे हे, गाण्यात चौदाव्या सेकंदाला जो ठोका आहे तो एडिटरमध्ये एका ठरावीक चौकटीवर असतो, तिथे काटा किंवा ऑर्ब (हवेतलं कडं, त्याला टेकून टॅप केलं की हवेतच उडी) ठेवला की उडी ठोक्यावर पडते. भाच्याचं गाणं १४० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांचं, होतं, म्हणजे दोन ठोक्यांत ०.४२८६ सेकंद, म्हणजे नॉर्मल स्पीडला ४.४५ ब्लॉक. आणि सपाट जमिनीवर ठोकळ्याची एक उडी साधारण ०.४३ सेकंदाची असते! म्हणजे बोट दाबून धरलं तरी ठोकळा जवळपास ठोक्यावरच उतरत राहतो. भाच्याने हे हिशोब करून निवडलं नव्हतं, त्याला गाणं आवडलं एवढंच. पण १४० चं गाणं नॉर्मल स्पीडला इतकं का बसतं त्याचं उत्तर हे आहे. हेच १७० चं गाणं असतं तर उडी संपायच्या आत पुढचा ठोका येऊन गेला असता आणि मग ऑर्ब, पॅड (आपोआप उडवणारी पट्टी), नाहीतर अर्ध्या ठोक्यांची भानगड करावी लागली असती.

लेव्हल ७२ सेकंदांची. पहिले सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) शांत, एकेकटे काटे, मग २७ व्या सेकंदाच्या आसपास ड्रॉप (गाणं एकदम जोरात येतं ती जागा), तिथे ट्रिपल स्पाइक, म्हणजे सलग तीन काटे, आणि पिवळे ऑर्ब, मग थोडा शिपचा भाग, जिथे ठोकळ्याऐवजी यान उडवायचं, मग डबल स्पीड, मग शेवट. ऑब्जेक्ट सहा हजारांच्या वर. त्यातले गेमप्लेचे असतील जेमतेम चारशे, बाकी सगळं डेको, म्हणजे चमकणारे खांब, रंग चमकवणारे पल्स ट्रिगर, मागे फिरणारी चक्रं. इथे एक सांगतो, अनुभवी लोक आधी नुसता लेआउट, म्हणजे फक्त गेमप्लेचा सांगाडा, करतात, चार जणांना खेळायला देतात आणि मगच सजवतात. आमच्या साहेबांनी लग्नाआधीच मांडव, रोषणाई, केटरिंग सगळं उरकलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं ते जास्त दुखलं.

त्याने ती दोन मित्रांना दिली, मी माझ्या ऑफिसातल्या एका पोराला दिली जो हा गेम सहा-सात वर्षं खेळतोय. तिघंही ड्रॉपच्या ट्रिपलवर मेले. परत परत. ऑफिसातला पोरगा तर यापेक्षा कितीतरी अवघड लेव्हल डोळे झाकून करतो, तो म्हणाला काहीतरी चिकट वाटतंय, माझं चुकतंय असं वाटत नाही पण मरतोय. भाच्याचं म्हणणं एकच, मी तर व्हेरिफाय केलीय. ते खरंच होतं, लेव्हल अपलोड करायची तर बनवणाऱ्याला आधी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः पार करावी लागते, गेमच तसं सोडत नाही. आणि तो माझ्यासमोर बसून तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला पार करून दाखवत होता, ठोक्यावर मान हलवत.

पहिला संशय स्क्रीनवर. भाच्याचा फोन १२० हर्ट्झचा, त्याच्या एका मित्राचा साधा ६० चा. जुन्या आवृत्त्यांत फ्रेमरेटमुळे खरंच फरक पडायचा, पण ऑफिसातला पोरगा कॉम्प्युटरवर खेळत होता आणि त्याचा मॉनिटर सगळ्यात भारी, तरी तोही तिथेच मरत होता. दुसरा संशय डबल स्पीडच्या पोर्टलवर, कारण ते भाच्याने नंतर घुसवलं होतं. हा संशय तसा बरोबर जातीचा होता. मध्येच स्पीड पोर्टल टाकलं की त्याच्यापुढच्या सगळ्या गाइडलाइन (ठोक्यांच्या उभ्या रेघा) सरकतात कारण त्या वेळेवर बांधलेल्या असतात, पण तुम्ही ठेवलेले काटे काही सरकत नाहीत, ते जागेवरच. अनेकांच्या लेव्हलची वाट अशीच लागते. पण आमचे लोक पोर्टलच्या कितीतरी आधी मरत होते, त्यामुळे तोही संशय गेला. तिसरा संशय म्हणजे लेव्हल खरंच अवघड आहे. हा मला पटायला लागला होता, ट्रिपल काढून डबल कर असं मी सांगूनही टाकलं. त्याने तोंड पाडलं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. एका रविवारी दुपारी घरात सगळे झोपलेले म्हणून मी फोनचा आवाज बंद करून खेळत बसलो आणि दुसऱ्या फटक्यात ड्रॉप पार झाला. मला वाटलं नशीब. परत केलं, परत झाला. आवाज चालू केला, मेलो. बंद केला, गेलो पुढे. ठोक्यावर चालणारा गेम आणि तो बहिरा झाल्यावर सोपा होतोय! ऑफिसातल्या पोराला मेसेज केला की म्यूट करून खेळ, त्याचं पाच मिनिटांत उत्तर आलं, पार झाली, फक्त शेवटाला एकदा मेलो, हे काय आहे सर.

मी पाच वर्षं ढोल पथकात होतो, आणि खरं सांगतो उत्तर तिथून सुचलं. मोठ्या पथकात ताशे एका टोकाला आणि शेवटची ढोलांची रांग खूप मागे असते. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे साठ मीटर मागे असलेल्याला ताशा ०.१८ सेकंद उशिरा ऐकू येतो. नवीन पोरं कानाने वाजवतात आणि त्यांचा ढोल पुढच्यांच्या मागे पडतो, त्यांना स्वतःला मात्र वाटतं आपण एकदम बरोबर आहोत, कारण त्यांच्या कानात ताशा आणि हातातला टोला जुळतोय ना. म्हणून जुने लोक ओरडतात, कान नको, पुढच्याचा हात बघ. भाच्याचं नेमकं हेच तर होत नसेल? तो कुठून ऐकतोय?

फोन केला. म्हटलं गाइडलाइन टाकताना कुठले इअरफोन लावले होतेस. म्हणाला मामा नेहमीचेच, वायरलेस.

तर ब्लूटूथ इअरफोनला आवाज पोचायला उशीर लागतो, फोन आणि इअरफोन कुठला त्यावर आहे, पण शंभर ते तीनशे मिलिसेकंद सर्रास. सिनेमा बघताना हे जाणवत नाही कारण व्हिडिओ चालवणारं अ‍ॅप चित्रच तेवढं मागे धरून दोन्ही जुळवून देतं. गेमला ती सोय नाही, तुम्ही आत्ता टॅप केलं तर ठोकळा आत्ताच उडायला पाहिजे. आणि एडिटरमध्ये गाइडलाइन कशा टाकतात तर गाणं वाजवायचं आणि ठोक्याला ठोक्याला स्क्रीनवर टॅप करत जायचं, जिथे टॅप तिथे उभी रेघ. भाच्याने कानात जो ठोका आला त्यावर टॅप केलं, तो ठोका फोनमधून कधीच निघून गेलेला. सगळ्या रेघा उशिरा, त्या रेघांवर सगळे काटे उशिरा, मग त्याच इअरफोनवर त्याने खेळून बघितलं तर सगळं चपखल. साठ मीटर मागे उभा राहून त्याने अख्खी लेव्हल बांधली होती आणि आम्ही सगळे पुढे ताशाशेजारी उभे राहून खेळत होतो.

किती उशीर ते मोजणं सोपं निघालं. त्याला म्हटलं त्याच गाण्याचे पहिले दहा ठोके एकदा वायरलेसवर टॅप कर आणि एकदा घरात कुठे जुने वायरवाले असतील त्यावर. दोन रेघांमधलं अंतर सरासरी १.९ चौकटींच्या जरा आत आलं, भागिले १०.३८६, म्हणजे ०.१८ सेकंद. पथकाच्या उदाहरणाइतकंच आलं हा योगायोग, पण मला फार बरं वाटलं.

आणि मग मागच्या सगळ्या गोष्टी उलगडल्या. आम्ही ठोक्यावर टॅप करत होतो, म्हणजे काट्याच्या मानाने जवळपास दोन ब्लॉक आधी. एकट्या काट्याला मोकळीक बरीच असते, आधी उडी मारली तरी ठोकळा काट्यापलीकडे जाऊन पडतो, त्यामुळे पहिल्या सोळा बारमध्ये कोणी फारसं मेलं नाही, नुसतं काहीतरी चिकट वाटलं. ट्रिपलला मात्र मोकळीक अशी उरतच नाही, आधी उडालं की तिसऱ्या काट्यावर उतरणार म्हणजे उतरणार. शिपमध्ये अडचण नाही कारण ती उडवताना कोणी ठोका ऐकत नाही, डोळ्यानेच चालते. ऑर्बचं तर भारीच निघालं. भाच्याच्या एका मित्राची बोट दाबून धरायची सवय आहे, त्याला ऑर्बवर काहीच त्रास झाला नव्हता, कारण हवेत असताना आधी दाबून धरलं तर ठोकळा ऑर्बला टेकला की तो लागतो. टुक करून सोडणारे मेले. आणि तोच मित्र दोन आठवडे सगळ्यांना तुम्हाला खेळता येत नाही म्हणून चिडवत होता.

रोग कळला, आता औषध. भाचा लगेच म्हणाला सेटिंगमध्ये गाण्याचा ऑफसेट आहे, तो टाकतो ०.१८. मीही हो म्हटलं आणि दोघं गाढव ठरलो, कारण तो ऑफसेट गाणं पुढून सुरू करतो. आपले काटे उशिरा आहेत, आपल्याला गाणं मागे ढकलायचंय, पुढे ओढलं तर ०.१८ चे ०.३६ होतील. झालेही. मग त्याने डोकं लावलं, एक बार म्हणजे चार ठोके, १.७१४ सेकंद, त्यातून ०.१८ वजा करून १.५३ टाकलं. म्हणजे गाणं एक पूर्ण बार पुढे पण ठोके जुळलेले. मानलं पोराला. सुरुवात खरंच मस्त लागली, कारण सुरुवातीला गाण्यात तेच तेच फिरतं, एक बार इकडे तिकडे कळत नाही. पण ड्रॉप एक बार आधी आला आणि स्क्रीनवर मात्र अजून शांत काटे चाललेत, नवरदेव मांडवात आणि बॅंडवाले अजून चहा पीत आहेत. रद्द.

मग उरला सरळ उपाय, सगळं उचलून डावीकडे सरकवायचं. त्यातही मेख होती. नॉर्मल स्पीडच्या भागात ०.१८ सेकंद म्हणजे १.८७ ब्लॉक, पण डबलच्या भागात तेच २.३२ ब्लॉक. एकाच मापाने सगळं सरकवलं तर पुढचा भाग परत चुकणार. दोन वेगळ्या मापांनी सरकवलं तर जोडावर डेको एकमेकांत घुसणार, आणि सहा हजार ऑब्जेक्ट, त्यात ट्रिगर, ते पण त्यांच्या जागेवरून चालतात. भाच्याने दोन संध्याकाळी प्रयत्न केला आणि मग म्हणाला मामा डिलीटच करतो. मी म्हटलं थांब दोन दिवस.

दोन दिवसांनी स्वारगेटला बसमध्ये बसलो होतो, ड्रायव्हरने उशीर झाला म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी जरा दामटली आणि पुढच्या स्टॉपपासून परत वेळेवर. डोक्यात टक्कन वाजलं. काटे कशाला सरकवायचे, ठोकळ्यालाच त्यांच्यापर्यंत ०.१८ सेकंद आधी पोचवू! गाणं तर घड्याळावर चालतं, पोर्टलने गाण्याचा वेग बदलत नाही. लेव्हलच्या सुरुवातीला पंधरा-सोळा ब्लॉक रिकामेच होते, कोणी पहिल्या पावलाला काटा ठेवत नाही. तो रिकामा रस्ता जरा जोरात पार केला की पुढचं प्रत्येक ऑब्जेक्ट तेवढंच आधी येणार, नॉर्मलमध्ये पण आणि डबलमध्ये पण, कारण आता आपण अंतर नाही, वेळच सरकवतोय. तिकिटाच्या मागे हिशोब केला. नॉर्मलला एका ब्लॉकला ०.०९६३ सेकंद, डबलला ०.०७७४, एका ब्लॉकमागे वाचले ०.०१८९. ०.१८ वाचवायला साडेनऊ ब्लॉक.

म्हणजे करायचं काय तर लेव्हलच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचा स्पीड डबल आणि साडेनऊ ब्लॉकवर एक नॉर्मलचं पोर्टल. बस. सहा हजारांतलं एकही ऑब्जेक्ट हलवायचं नाही.

प्रत्यक्षात पोर्टल बरोबर साडेनऊवर ठेवून चाललं नाही, कारण ठोकळा पोर्टलच्या मध्यावर पोचायच्या आधीच त्याला शिवतो आणि वेग तिथेच बदलतो. भाच्याने ते जरा पुढे नेलं, मग ऐकून ऐकून थोडंथोडं हलवत एक दुपार घालवली. या वेळी वायर लावून. दिसायला एक अडचण आली, लेव्हल सुरू होताना पाऊण सेकंद मागचं सगळं झपकन पळतं आणि मग ब्रेक लागल्यासारखं होतं, वर ते पोर्टल विनाकारण मध्ये उभं. पोर्टलला ग्रुप देऊन अल्फा ट्रिगरने अदृश्य केलं, अदृश्य असलं तरी ते काम करतं. आणि त्या झटक्यावर त्याने पांढरा फ्लॅश टाकला, आता ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं, उलट चांगलंच वाटतं.

नंतर जुन्या गाइडलाइन पुसून नव्याने टॅप केल्या आणि तपासलं, काटे रेघांवर बसले होते, दोन-चार ठिकाणी बारीक फरक सोडला तर. ते फरक मूळ टॅप करतानाचे, हात थोडा मागेपुढे होतोच. त्यातले ट्रिपलजवळचे दुरुस्त केले, बाकीचे सोडून दिले. मला वाटतं थोडं कच्चं राहिलेलं बरं असतं, पण भाच्याला ते मान्य नाही, तो अजून एका ऑर्बबद्दल कुरकुरतो.

आता एक राहिलंच. लेव्हलमध्ये काहीही बदललं की व्हेरिफिकेशन जातं, परत पार करावी लागते. आणि आमच्या हिरोला ती पार होईना! दोन महिने त्याचा अंगठा ०.१८ सेकंद उशिराच्या जगात तयार झाला होता. वायर लावली की उशिरा टॅप करून पहिल्याच ट्रिपलच्या पहिल्या काट्यावर. वायरलेस लावली तर कानातलं आणि डोळ्यासमोरचं जुळेना. ऑप्शनमध्ये खेळणाऱ्यासाठी म्युझिक ऑफसेट असतो मिलिसेकंदात, ब्लूटूथवाल्यांनी तो लावून बघावा, पण तो म्हणाला नाही, आता वायरवरच करणार. चार दिवस लागले. त्याच्या आईचा मला फोन आला की तू त्याला काय शिकवून ठेवलंयस, तो जेवताना पण ताटावर टॅप करतोय.

पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला स्क्रीनशॉट आला. ऑफिसातल्या पोराने दुसऱ्या दिवशी लंचमध्ये आवाज चालू ठेवून पाचव्या प्रयत्नाला पार केली आणि म्हणाला सर आता इझी नाही, नॉर्मल म्हणायला हरकत नाही. दाबून धरणाऱ्या मित्राला आता ऑर्ब चुकतात, का ते आम्ही अजून शोधलेलं नाही, शोधायची घाईही नाही.

लेव्हलला स्टार वगैरे काही मिळाले नाहीत, रोज इतक्या लेव्हल अपलोड होतात की मिळायची अपेक्षाही नव्हती. भाचा पुढची बांधायला लागलाय, १७५ बीपीएमचं गाणं घेतलंय, सांगून ऐकलं नाही. फक्त लेआउट आहे, डेको शून्य, आणि मला पाठवताना सोबत फोटो होता, आजोबांच्या रेडिओचे काळे इअरफोन, उजव्या कानाचा बंद पडलेला, वायरला चिकटपट्टी.